सायप्रसचे चार दिवस

सुदेशदादाचं विमान उतरायला तीन तास होते आणि शुभ्रा फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढत होती. निळ्या समुद्रातून वर आलेला पांढरा खडक आणि खाली तांबड्या अक्षरांत सायप्रसचं नाव. बाबा गेल्यावर महिन्याभराने वैभवीने ते कुणाला न विचारता तिथे लावलं होतं, आणि शुभ्रानेही पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आता तिने ते मसाल्यांच्या खणात, अगदी मागे सरकवलं.

“सो वी आर स्टिल लाइंग टू मामा?” वैभवीने विचारलं. ती चौदा वर्षांची होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते इंग्रजीत.

“खोटं बोलायचं नाही. विषय काढायचा नाही, एवढंच.”

“सेम थिंग, मॉम.”

सेम थिंगच होतं. सहा महिन्यांपूर्वी, ईदच्या सुट्टीत, शुभ्राचे वडील राजाभाऊ दुबईतल्या, अल बर्शातल्या याच फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर गेले. तेव्हा शुभ्रा, तिचा नवरा निखिल आणि वैभवी सायप्रसला होते. पुण्यात राहणाऱ्या दादाला मात्र वाटत होतं की बहीण बाबांच्या उशाशी होती, तिने त्यांचा हात धरला होता, तोंडात गंगाजल घातलं होतं. तसं त्याला शुभ्रानेच सांगितलं होतं. आता तो बाबांची पुस्तकं आणि कपडे न्यायला आठवडाभरासाठी येत होता. या आठवड्यात खरं बाहेर पडलं तर भाऊ हातचा जाईल, याची तिला खात्री होती. आई नाही, बाबा नाहीत. माहेर म्हणायला तो एवढा एक माणूस उरला होता.

आई गेली तेव्हा बाबांनी कुठे राहायचं यावरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं. दादा म्हणत होता, पुण्यातच राहू देत. शुभ्रा म्हणाली, तू आणि स्वप्नालीवहिनी दोघंही दिवसभर बाहेर, मी घरून काम करते, माझ्याकडे येऊ देत. शेवटी दादाने माघार घेतली. “ने. पण एकटं सोडायचं नाही त्यांना. शब्द दे मला.” तिने शब्द दिला होता.

आणि सायप्रसचं खूळ मुळात बाबांचंच. राजाभाऊंनी उभी हयात सर्व्हे खात्यात दुसऱ्यांच्या जमिनींचे नकाशे काढण्यात घालवली. समुद्र ओलांडला तो सत्तरीनंतर, लेकीकडे येताना. दुबईत आल्यावर दुपारभर वैभवीच्या टॅबलेटवर नकाशे मोठे करकरून बघत बसायचे. “हे बघ सायप्रस. दांड्याची कढई पालथी घातल्यासारखं दिसतं की नाही? इथून चार तास. जा की सुट्टीत.”

“तुम्हीही चला.”

“मी आलो तर तुम्ही देवळं बघणार की मला धरून चालणार? गुडघे माझे, निर्णय माझा. तुम्ही जा आणि मला रोज सांगा.”

“दादाला काय सांगू?”

“काही सांगू नकोस. चार दिवसांत चाळीस फोन करेल तो. त्याचं मी बघतो.”

समोरच्या फ्लॅटमध्ये दापोलीकडची खैरुन्निसा नवरा अक्रमसोबत राहायची. राजाभाऊंना काका म्हणायची. सकाळ-संध्याकाळ डोकावून जाईन, जेवणाचं बघेन, असं तिने आपणहून सांगितलं. किल्ली तिच्याकडे दिली आणि तिघं निघाले.

पहिल्याच दिवशी, लार्नाकाच्या विमानतळावरून पाफोसला जाताना, ते वाटेत खिरोकितियाला थांबले. दुबईत उजव्या बाजूने गाडी चालवून हाडाला सवय लागलेला निखिल तिथे डावीकडून चालवताना प्रत्येक चौकात पुटपुटत होता. “पुण्याचं आठव ना,” शुभ्रा म्हणाली, तर म्हणाला, “पुण्यात बाजू कुठे होती?” खूप दिवसांनी ती मोकळी हसली.

टेकडीच्या उतारावर हजारो वर्षांपूर्वीच्या गोल घरांचे दगडी पाये होते. तिथली माणसं आपल्या मेलेल्यांना घरातच, जमिनीत खड्डा करून पुरायची. वरून माती चोपून पुन्हा त्याच जमिनीवर स्वयंपाक करायची, झोपायची. फलकावरचं हे वाचून शुभ्रा बराच वेळ उन्हात उभी राहिली. मग तिने बाबांना आवाजी निरोप धाडला. उलट निरोप लगेच आला.

“म्हणजे मेल्यावरही सासू घरातून हलत नाही! सुनांनी काय पाप केलं होतं? आणि बघून सांग, पुरताना गुडघे पोटाशी घ्यायचे का?”

“घ्यायचे,” तिने कळवलं.

“मग मी आपल्या हॉलमध्ये मावेन. सोफा तेवढा सरकवावा लागेल.”

दुसऱ्या दिवशी पाफोसची चित्रांची जमीन. रंगीत दगडाच्या खड्यांतून जोडलेले मोर, द्राक्षांचे घोस, शिकारी कुत्रे. बाबांचा प्रश्न: एक खडा केवढा? नखाएवढा म्हणजे कुठल्या बोटाच्या? त्यासाठी शुभ्रा कठड्यावरून वाकली तेव्हा रखवालदार ओरडला. तिसऱ्या दिवशी खडकात कोरलेली थडगी. नाव राजांची थडगी, पण आत एकही राजा नाही, सगळे बडे अधिकारी. त्यावर बाबा म्हणाले, “आमच्या खात्यासारखंच. नाव सरकारचं, जागा साहेबाची.” आणि रोजच्या निरोपात शेवटी दादाची हकिगत असायची. “आज त्याला सांगितलं, तू आंघोळीला गेलीस.” “आज तू लुलूत भाजी आणायला गेलीस.” “आज तुझं डोकं दुखतंय, झोपलीस.” शाळा बुडवणाऱ्या पोरासारखे खुदखुदायचे.

त्या तिसऱ्या संध्याकाळी त्यांचा आवाज तिला दमल्यासारखा वाटला. तिने विचारलंही. “एसीने घसा बसलाय,” ते म्हणाले. तिने ते मानलं. मानायचं होतं म्हणून मानलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती समुद्रावर होती. नऊच्या सुमाराला, दुबईत दहा वाजले होते तेव्हा, फोन वाजला.

“ताई, काका गेले,” खैरुन्निसा म्हणाली.

शेजारी छत्रीखाली बसलेल्या एका परक्या बाईने उठून तिला पाण्याची बाटली दिली. शुभ्राने थँक्यू म्हटलं. हे तिला नंतर पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, आपण किती नीट थँक्यू म्हटलं ते.

दादाला निखिलने कळवलं. कुठून बोलतोय ते सांगितलं नाही आणि दादालाही विचारायचं सुचलं नाही. शुभ्रा त्याच्याशी बोलली ती संध्याकाळी, दुबईत परतल्यावर, शवागाराबाहेरच्या बाकावरून. दादाचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला होता, त्याला येता येणार नव्हतं. तो लहान मुलासारखा रडत होता. रडता रडता त्याने विचारलं, “तोंडात गंगाजल घातलंस ना गं?”

“हो,” शुभ्रा म्हणाली.

तो एक शब्द गेला आणि पुढचे सगळे त्याच्यामागून गेले. अग्नी दिला तो दादाने निखिलने लावलेल्या व्हिडिओ कॉलवर पाहिला. अस्थी घेऊन ती पुण्याला गेली तेव्हा दहाव्या दिवशी आत्याने पंधरा बायकांसमोर विचारलं, “कसे गं गेले माझे भाऊ?” शुभ्रा वाचणारी बाई होती. पुस्तकांत तिने शेकड्यांनी माणसं मरताना पाहिली होती. कुठलं मरण उगाच लांबवलंय, कुठलं घाईने उरकलंय, हे ती बोट ठेवून सांगू शकली असती. त्या दुपारी तिने बाबांना एक बेताचं, नेटकं मरण रचून दिलं. पहाटेचा उजेड होता. हात हातात होता. शेवटचं ‘राम’ अर्धवट राहिलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. दादा दाराशी उभा राहून ऐकत होता. नंतर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “तू होतीस म्हणून मला झोप तरी लागते.”

तेव्हापासून शुभ्राची झोप गेली ती गेलीच.

खैरुन्निसाशी बोलणं लिफ्टपुरतं उरलं. तिने दोनदा सुरुवात केली, “ताई, त्या दिवशी ना...” दोन्ही वेळा शुभ्राने मीटिंग आहे म्हणून दार लावलं. बाबा खरे कसे गेले हे तिने विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर रचलेलं मोडावं लागलं असतं.

दादा आला. वहिनीने दिलेलं मेतकूट, कुळथाचं पीठ, वैभवीला कुडता. थोडा वाळला होता. हॉलमध्ये पाऊल टाकल्यावर त्याने सोफ्याकडे पाहिलं.

“इथेच ना?”

“हो.”

तो समोरच्या खुर्चीवर बसला. आठवडाभर सोफ्यावर बसणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं. पहिला दिवस पुस्तकं खोक्यात भरण्यात गेला. निखिल हवापाण्यावर बोलत राहिला. वैभवी मामापुढे आलीच नाही फारशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभ्रा चहा गाळत होती. आंघोळ करून आलेला दादा देव्हाऱ्यापुढे बसला होता, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच. काडी ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पाणी हिंदकळल्याचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा. तिने वळून पाहिलं. दादाच्या हातात तांब्याचा गडू होता आणि तो कानाशी धरून हलवत होता.

“शुभ्रा, हा फोडलाच नाहीस?”

आईने काशीहून दोन गडू आणले होते, गंगाजलाचे, तोंडाला डाग देऊन बंद केलेले. एक तिचा, एक बाबांचा. जन्मात एकदाच उघडायचे. आईचा दादानेच स्क्रू-ड्रायव्हरने उघडला होता. बाबांचा त्यांच्या बॅगेतून दुबईला आला आणि देवांच्या मागे जाऊन बसला. शुभ्राने चुंबक लपवलं, वैभवीचे शंख लपवले, फोटो पुसले. देवापुढे दिवा निखिल लावायचा. गडू तिच्या ध्यानातच नव्हता.

जिभेवर उत्तर तयार होतं. दुसरं होतं दादा, बाटलीतलं, हरिद्वारचं, कुणीतरी दिलेलं. ते इतक्या सहज आलं की तिची तिलाच भीती वाटली.

“दादा, मी नव्हते,” ती म्हणाली.

“कुठे नव्हतीस?”

“घरी. आम्ही सायप्रसला होतो.”

“सायप्रस म्हणजे... कुठे आलं ते?”

“तुर्कस्तानच्या खाली. समुद्रात.”

दादा पाटावर तसाच बसून होता. गडू मांडीवर. “ऑफिसचं काम होतं?”

“नाही. फिरायला.”

“आणि बाबा?”

“इथे.”

“एकटे.”

“समोरची खैरुन्निसा येऊन जाऊन होती.”

“आंघोळीला,” दादा हळूहळू म्हणाला. “मग लुलूत. मग डोकं दुखतंय. मी स्वप्नालीला म्हटलं, शुभी फोनवर येत नाही, रागावली की काय माझ्यावर. आणि तू समुद्रात!” आता त्याचा आवाज चढला. “सहा महिने मी लोकांना सांगत हिंडलो, बहीण होती, बहिणीच्या मांडीवर गेले. पहाटेचा उजेड म्हणे! कुठून आणलास तो उजेड? मला सांगितलं असतंस तर मी आलो असतो. चार दिवस रजा टाकून आलो असतो.”

“तुमचा पासपोर्ट तेव्हा...” निखिल दारातून म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा, निखिलराव.”

बाबांचं नाव घेणं सोपं होतं. पण गेलेल्या माणसाच्या आड उभं राहायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. “माझंच चुकलं,” ती म्हणाली. “मीच नाही सांगितलं तुला.”

“दॅट्स नॉट ट्रू.” वैभवी निखिलच्या मागे उभी होती, झोपेच्या कपड्यांत, केस विस्कटलेले. “आजोबा सेड डोन्ट टेल मामा. ही सेड, ही विल कॉल फॉर्टी टाइम्स.”

गॅसवर दूध उतू गेलं, ते निखिलने पुढे होऊन बंद केलं.

“मला सांगू नका म्हणाले?” दादाने विचारलं. मघाचा चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता. “का? काळजी करायचो, एवढंच ना करायचो मी?”

शुभ्राने त्याच्याजवळ बसायला हात पुढे केला, पण तो उठला. गडू जागेवर ठेवला. आतून शर्ट घालून आला.

“कुठे राहते ती बाई?”

“दादा, आत्ता सकाळची तिची गडबड असेल...”

“चल म्हणतो ना. कुणीतरी मला खरं सांगा.”

खैरुन्निसाने दार उघडलं तेव्हा तिच्या बोटांना कणीक लागलेली होती. तिने आधी दादाकडे पाहिलं, मग शुभ्राकडे, आणि तिला काही सांगावं लागलं नाही. “या भाऊ,” म्हणून तिने आत घेतलं. स्वतः वेताच्या मोड्यावर बसली, हात गुडघ्यांवर उताणे ठेवून.

“पाणी मी पाजलं, भाऊ. चमच्यानं. माझ्याकडं मक्केहून, उमऱ्याला गेले तेव्हा आणलेलं झमझमचं होतं. पण म्हटलं तुमच्यात चालतं की नाही, विचारू कुणाला? म्हणून साधंच पाजलं. चुकलं असेल तर माफी करा.”

“चाललं असतं हो,” दादा म्हणाला, आणि चष्मा काढून हातात धरून बसला.

खैरुन्निसा शुभ्राकडे वळली. “ताई, तुम्हाला पण सांगायचं होतं. तुम्ही दार लावता, म्हणून राहिलं.”

“काय?”

“काकांना घाम फुटला तेव्हा ते चांगले बोलत होते. अक्रमने ॲम्ब्युलन्सला फोन केला. मी म्हटलं, ताईला लावते. तर माझ्या हातातला फोन घेतला आणि मांडीखाली ठेवून दिला. म्हणाले, पाण्यात असेल पोरगी, बाहेर काढू नकोस. उद्या येतेच आहे.”

“किती वेळ?”

“अर्धा तास. थोडा जास्तच. अक्रमच्या फोनवरून लावता आला असता. पण काका माझ्याकडे बघत होते, ताई. माझी छाती झाली नाही.”

अर्धा तास. त्या अर्ध्या तासात शुभ्रा पाण्यात नव्हती. तिचे पायसुद्धा ओले झाले नव्हते. वाळूवर टॉवेल टाकून ती फोन हातात धरूनच बसली होती, बाबांना पाठवायला समुद्राचा फोटो निवडत होती. एकात क्षितिज तिरकं आलं होतं, नकाशे काढणारा माणूस त्यावर बोलल्याशिवाय राहणार नाही म्हणून तिने दुसरा काढला होता. मग तिसरा.

“ऐकलंस कसं त्यांचं?” ती ओरडली. इतक्या वर्षांत या शेजाऱ्यांनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. “माझ्या हातात होता फोन! पहिल्या रिंगला उचलला असता मी! तू कोण ठरवणार, मी बोलायचं की नाही ते?”

खैरुन्निसाने मान खाली घातली. आतून अक्रम डोकावला आणि परत गेला.

“म्हणजे तुलाही नाही कळवू दिलं,” दादा म्हणाला.

त्यात टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो नुसता तिच्याकडे बघत होता, बिनचष्म्याच्या, लाल झालेल्या डोळ्यांनी, जणू गर्दीत ओळखीचं कुणी दिसावं तसा. शुभ्रा उठली. तिला इथून निघायचं होतं, स्वतःच्या घरात जाऊन दार लावायचं होतं.

“बस,” दादा म्हणाला. तो दिवाणावर थोडा सरकला. “राग धर माझ्यावर, बाबांवर धर, हिच्यावर नको. बस.”

ती बसली. दोघांचे खांदे लागले. लहानपणी रिक्षात तिघा-चौघांना कोंबायचे तेव्हा लागायचे तसे.

“आता पहिल्यापासून सांगा,” दादा खैरुन्निसाला म्हणाला.

“आणि काही गाळू नकोस,” शुभ्रा म्हणाली. “मला वाईट वाटेल म्हणून तर मुळीच गाळू नकोस.”

खैरुन्निसाने बोटांवरची सुकलेली कणीक अंगठ्याने खरवडली.

“सव्वानऊला मी बेल वाजवली,” तिने सुरुवात केली. “किल्ली होती, पण काकांना आवडायचं नाही आम्ही उघडून आलेलं. ते स्वतःच आले दार उघडायला. पायात एकच चप्पल होती.”